उपस्थात्याच्या मदतीला संवेदक : घरच्या रुग्णाचे शय्याव्रण टाळण्यासाठी

पक्षाघात, मज्जारज्जूची इजा, खुब्याच्या हाडाचा भंग, जराजन्य दौर्बल्य किंवा दीर्घ व्याधीची अंतिम अवस्था यांमुळे अंथरुणाला खिळलेले रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्साक्षेत्रात असतात. रुग्णालयातून घरी पाठवलेल्या अशा रुग्णाचे पुढील महिने, कित्येकदा वर्षेही, कुटुंबीयांच्या आणि गावातील वैद्याच्या हाती असतात. बस्ती, अभ्यंग व पोटातील औषधे यांसाठी आपल्याला आवर्जून बोलावले जाते. शय्याव्रणासाठी मात्र बोलावणे येते ते बहुधा त्वचा फाटल्यानंतर. मग पंचवल्कल क्वाथाने धावन, जात्यादि तेलाची पिचू, शोधन-रोपणाचा क्रम सुरू होतो. जी आपत्ती काही मिनिटांच्या नियमित कामाने टळू शकली असती, तिच्या निवारणासाठी महिनोन्महिने वेचावे लागतात.

प्रस्तुत लेखाचा विषय झालेल्या व्रणाची चिकित्सा हा नाही. तो होऊच नये म्हणून गेल्या काही वर्षांत जी संवेदक उपकरणे, अर्थात सेन्सर, उपलब्ध झाली आहेत, त्यांचा घरगुती परिचर्येत कितपत उपयोग आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे. रुग्णांचे नातेवाईक आता या उपकरणांची माहिती मोबाइलवर पाहून आपल्याकडे येतात व घ्यावे की नाही असे विचारतात. आपल्या औषधविक्रेत्या बंधूंनाही हाच प्रश्न दुकानात विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी उपकरण काय मोजते आणि काय मोजत नाही, हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

दाब आणि काळ

अस्थी आणि गादी यांच्यामध्ये त्वचा व मांस चेपले गेले की तेथील सूक्ष्म वाहिन्यांतील रक्तप्रवाह थांबतो. निरोगी मनुष्य झोपेतही नकळत हालचाल करीत राहतो व तो दाब आपोआप सुटतो. ज्याला संवेदना नाही त्याला दाब कळत नाही. ज्याच्या अंगात बळ नाही त्याला तो कळूनही कूस बदलता येत नाही. त्रिकास्थी, टाचा, खुब्याचा उंचवटा, घोटे, खांद्याचे पाते आणि डोक्याची मागील बाजू ही नेहमीची स्थाने होत.

युजीन लँडिस यांनी १९३० मध्ये नखाच्या कडेजवळील केशवाहिन्यांतील दाब मोजला तेव्हा धमनीकडील टोकाशी तो सुमारे ३२ मि.मी. पारा भरला. तेव्हापासून हा आकडा पुष्कळ ठिकाणी मर्यादा म्हणून उद्धृत केला जातो. तथापि तो सर्व रुग्णांना व सर्व अवयवांना लागू पडणारी सीमारेषा नव्हे. मायकेल कोसिआक यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोठा दाब थोड्या वेळात हानी करतो आणि थोडा दाबही दीर्घकाळ राहिला तर तीच हानी करतो. म्हणजेच नुसता दाब पाहून भागत नाही, काळही पाहावा लागतो. त्यात घसरणीमुळे होणारे कर्षण आणि मूत्र-घामाचा ओलावा यांची भर पडते. उशाकडील बाजू बरीच उंच करून बसवलेला रुग्ण हळूहळू खाली घसरतो तेव्हा त्वचा चादरीला चिकटून राहते आणि आतील मांस अस्थीबरोबर सरकते. त्रिकास्थीवरील खोल व्रणांचे हे एक मोठे कारण आहे.

इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ साली मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. डॉ. लुडविग गुटमन यांनी तेथे दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलण्याचा नियम कटाक्षाने पाळून घेतला. दोन तासांचा जो नियम आज सर्वत्र सांगितला जातो त्यामागे ही परंपरा आहे. परंतु गुटमन यांच्या विभागात पाळीपाळीने काम करणारा परिचारकवर्ग होता. आपल्या रुग्णाच्या घरी बहुधा एकटी पत्नी, सून किंवा मुलगी असते, आणि स्वयंपाक, धुणे, लेकरे सांभाळून तीच रात्रीही उठत असते.

क्रियाकालाच्या दृष्टीने

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद असे सहा क्रियाकाल सांगितले. शय्याव्रणाला ही चौकट सहज लागू करता येते. त्वचा फाटून व्रण दिसतो ती भेदावस्था होय. बोटाने दाबूनही न मावळणारी लाली, उष्मा, काठिण्य किंवा पिलपिलीतपणा ही व्यक्तावस्था. त्याच्याही आधी त्वचेखाली शोथाला आरंभ झालेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पूर्वीच्या अवस्थेत केलेली चिकित्सा अल्प प्रयासाने सिद्ध होते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. संवेदक उपकरणांचे खरे स्थान या पूर्वावस्थांमध्ये आहे. भेदावस्थेतील व्रणाला त्यांचा उपयोग एवढाच की तो वाढू नये व दुसरीकडे नवा होऊ नये.

चरकाचार्यांच्या चतुष्पादात भिषक्, द्रव्य आणि रुग्ण यांच्या बरोबरीने उपस्थात्याला स्थान आहे. परिचर्येचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण सांगितले आहेत. यांपैकी अनुराग आपल्याकडील कुटुंबांत विपुल आढळतो. ज्ञान आपण द्यावयाचे असते. अडचण येते ती दक्षतेची, कारण थकलेल्या शरीराने चोवीस तास दक्ष राहणे शक्य नसते. संवेदक मदत करू शकतो ती याच एका गुणापुरती. तो उपस्थात्याला आठवण देतो. कूस मात्र मनुष्याच्या हातानेच बदलावी लागते. उपकरणाविषयीचा प्रत्येक निर्णय हे लक्षात ठेवून घ्यावा, असे माझे मत आहे.

उपकरणांचे चार प्रकार

पहिला प्रकार दाबमापक चादरीचा. गादीवर अंथरावयाच्या या पातळ आवरणात शेकडो मापनबिंदू असतात. दोन विद्युत्वाहक थरांमधील मऊ थर वजनाने दबला की त्या जागेची विद्युतधारिता बदलते आणि पडद्यावर शरीराचा रंगीत नकाशा उमटतो. जास्त दाबाची जागा तांबडी, कमी दाबाची निळी दिसते. टाच खरोखर अधांतरी आहे काय, उशी योग्य ठिकाणी आहे काय, हे त्यात तत्काळ समजते, म्हणून शिकवण्यासाठी हे साधन उत्तम आहे. त्याच्या मर्यादाही आहेत. ते त्वचा आणि गादी यांच्यामधील दाब मोजते. अस्थीलगतच्या खोल मांसाचे काय होत आहे ते सांगत नाही. दाबाची चादर कर्षणही मोजत नाही. शिवाय किंमत मोठी असल्याने सामान्य कुटुंबाने ती विकत घ्यावी असे सुचवता येत नाही.

दुसरा प्रकार स्थितिदर्शक संवेदकाचा. मोबाइल आडवा धरला की पडद्यावरील चित्र आडवे होते, ते ज्या सूक्ष्म त्वरणमापकामुळे, तोच येथे वापरलेला असतो. छोटी चकती छातीच्या वरच्या भागी चिकटवतात. रुग्ण उताणा आहे की उजव्या वा डाव्या कुशीवर, आणि किती वेळ, याची नोंद ती ठेवते व ठरवलेली वेळ उलटली की सूचना देते. घरगुती वापराला हा प्रकार तुलनेने सुटसुटीत आहे. मात्र त्याला टाचांचे काही कळत नाही आणि गादी कशी आहे तेही कळत नाही. पक्षाघाताच्या रुग्णाचा खांदा ओढून छाती वळवली पण कटिभाग तसाच राहिला, तर चकती कूस बदलल्याची नोंद करील आणि त्रिकास्थीवरील दाब तसाच राहील. कूस बदलताना खांदा आणि कटिभाग एकत्र वळले पाहिजेत, हे घरच्यांना प्रत्यक्ष करून दाखवावे लागते.

तिसरा प्रकार ओलाव्याच्या सूचकाचा. पट्टीतील दोन वाहक तारा मूत्राने ओल्या झाल्या की विद्युतमंडल पूर्ण होऊन घंटी वाजते. अंथरूण ओले करणाऱ्या मुलांसाठी अशीच साधने पूर्वीपासून वापरात आहेत. बोलता न येणाऱ्या रुग्णाचे अंथरूण तासन्तास ओले राहू नये म्हणून हे अल्पखर्चाचे साधन उपयुक्त ठरते.

चौथा प्रकार हाती धरून वापरावयाच्या त्वचापरीक्षकाचा. शोथाच्या आरंभी ऊतींमध्ये द्रव वाढतो आणि त्यामुळे त्या जागेचा विद्युतगुण बदलतो. अस्थीच्या उंचवट्यावरील व आजूबाजूच्या मापांमधील फरक पाहून पूर्वसूचना मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा एका उपकरणास २०१८ मध्ये मान्यता दिली. आपल्या दृष्टीने यातील तत्त्व लक्षणीय आहे. पाठ्यपुस्तकांतील पहिल्या अवस्थेची लाली गोऱ्या त्वचेवर स्पष्ट उमटते. सावळ्या त्वचेवर ती चटकन दिसत नाही. परंतु हे साधन घरचे नव्हे, चिकित्सालयाचे आहे. ते नसेल तेथे वैद्याचा स्पर्श आहेच. उष्मा, काठिण्य, पिलपिलीतपणा आणि आसपासच्या त्वचेपेक्षा वेगळा, काळसर वा जांभळट वर्ण यांची तपासणी दररोज दिवसाच्या उजेडात व्हावी.

याशिवाय खोलीत कॅमेरा लावून रुग्णाची हालचाल टिपणाऱ्या यंत्रणाही निघाल्या आहेत. शौच, स्नान, वस्त्र बदलणे हे सर्व ज्या पलंगावर होते तेथे अशी यंत्रणा सुचवण्यापूर्वी रुग्णाची, विशेषतः स्त्रीरुग्णाची, संमती आणि चित्रण कोणाकडे जाते याचा विचार अवश्य करावा.

अभ्यासांतून काय दिसते

अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे अतिदक्षता विभागांतील तेराशेच्या आसपास रुग्णांवर छातीवरील स्थितिदर्शक संवेदकाचा यादृच्छिक अभ्यास झाला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. संवेदकाच्या सूचना परिचारिकांना मिळत होत्या त्या गटात ५ रुग्णांना, तर तुलनागटात १५ रुग्णांना दाबव्रण झाले. कूस वेळेवर बदलण्याचे प्रमाण पहिल्या गटात ६७ टक्के आणि दुसऱ्या गटात ५४ टक्के होते. याउलट स्वीडनमधील एका रुग्णालयात १९० रुग्णांवर दाबमापक चादरीचा अभ्यास झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चादर वापरलेल्या व न वापरलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

या दोन अभ्यासांतील रुग्ण, विभाग आणि उपकरणे भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही. मला त्यांतून निघणारा बोध असा वाटतो की केवळ माहिती दाखवणाऱ्या साधनावर विसंबता येत नाही; ठरावीक मनुष्याला ठरावीक कृती करावयास लावले तर लाभाची शक्यता वाढते. आणि हे दोन्ही अभ्यास रुग्णालयांतील आहेत. तेथे सूचना वाजली की उठणारा मनुष्य जागा असतो व त्याचे ते कामच असते. त्यांचे निष्कर्ष घराला जसेच्या तसे लागू करू नयेत.

तिसरा अभ्यास आपल्याला अधिक जवळचा आहे. अमेरिका व कॅनडा येथील शुश्रूषागृहांतील ९४२ वृद्धांवर केलेला हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांना अधिक घनतेच्या फोमच्या गाद्या दिल्या होत्या आणि कूस बदलण्याचे अंतर दोन, तीन किंवा चार तास ठेवले होते. तीन आठवड्यांच्या निरीक्षणात तिन्ही गटांतील व्रणांच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ दोन तासांचा नियम मोडीत काढावा असा नव्हे. कापसाच्या दबलेल्या गादीवर, किंवा संवेदनाच नसलेल्या रुग्णाला, ही सवलत देता येणार नाही. पण गादी चांगली असेल, त्वचा निर्दोष असेल आणि वैद्य नियमित पाहत असेल, तर रात्रीचे अंतर विचारपूर्वक वाढवता येते आणि उपस्थात्याला सलग झोप देता येते. थकून आजारी पडलेली सून कोणाचीच कूस बदलू शकत नाही. तिची झोप हाही चिकित्सेचाच भाग समजावा.

एका घरातील व्यवस्था

आमच्या तालुक्यातील एका गावी साठीच्या पुढील एक गृहस्थ पक्षाघाताने अंथरुणावर होते. पुण्यात नोकरीस असलेल्या मुलाने स्थितिदर्शक संवेदक आणून दिला. हेतू उत्तम होता. परंतु सूचना मुलाच्या मोबाइलवर जात असे. रात्री दोन वाजता पुण्यात गजर होई, मुलगा घरी दूरध्वनी करी आणि आई उठे. मी बस्तीसाठी जात असे तेव्हा त्या माउली म्हणाल्या, “डॉक्टर, मशीन पोराला उठवतं, पोरगा मला उठवतो, पण ह्यांचं अंग माझ्या एकटीनं हलत नाही हो.” त्रिकास्थीवर रुपयाएवढी काळसर, उष्ण जागा दिसत होती.

उपकरण बिघडलेले नव्हते. सूचना चुकीच्या मनुष्याकडे जात होती आणि योग्य मनुष्याच्या अंगी बळ नव्हते. घरातील पुतण्या एमआयडीसीतील दुसऱ्या पाळीहून रात्री एकच्या सुमारास परत येई. त्याच्याशी बोलून वेळा ठरवल्या. रात्री दहाला एकदा, पुतण्या आल्यावर एकला दोघांनी मिळून, आणि पहाटे चारला पुन्हा. दिवसा दर दोन तासांनी. कापसाची गादी काढून फोमची गादी घेतली. खांद्यापासून मांड्यांपर्यंत पोहोचेल अशी दुहेरी घडीची आडवी चादर रुग्णाखाली कायम ठेवली, म्हणजे दोघांनी ती उचलून रुग्णाला न फरफटता सरकवता येई. पाठीमागे लोड देऊन सुमारे ३० अंशांची कलती स्थिती ठेवली आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी केल्या. संवेदकाची सूचना पुतण्याच्या मोबाइलवर आणि पलंगाजवळच्या घंटीवर आणली. मुलाकडे फक्त दिवसाचा गोषवारा जाऊ लागला. दिवसाकाठी दोन तास मदतीला येणाऱ्या मावशींची व्यवस्था त्याने आपल्याकडे घेतली.

काही दिवसांत त्या जागेचा उष्मा व काठिण्य ओसरले आणि त्वचा अभंग राहिली. हे श्रेय एकट्या संवेदकाला देता येणार नाही. गादी, चादर, पुतण्या आणि मावशी यांचा त्यात वाटा आहे. परंतु वेळ टळली की कोणाला तरी कळत होते, आणि ज्याला कळत होते तो त्याच घरात होता, एवढे खरे.

आपल्या उपक्रमांच्या संदर्भात काही दक्षता

संवेदक वापरणाऱ्या रुग्णावर आयुर्वेदीय उपक्रम करताना काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली गोष्ट अभ्यंगाची. अस्थीच्या उंचवट्यावर लाली वा काळसरपणा दिसला की तेथे तेल जिरवून चोळण्याची प्रवृत्ती घरोघरी आढळते. रक्तप्रवाह आधीच बाधित झालेल्या जागी जोराने चोळल्यास हानी वाढते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही जोखमीच्या त्वचेवर जोराने चोळणे टाळण्यास सांगितले आहे. अशा जागा वगळून उरलेल्या अंगास मृदू अभ्यंग करावा.

दुसरी गोष्ट अशी की तेल लागलेल्या त्वचेवर चिकटपट्टी टिकत नाही. चकती सैल होऊन फिरली तर तिची नोंद खोटी ठरते. छातीवरील ती जागा अभ्यंगातून वगळावी, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडी करावी आणि मगच चकती लावावी. चिकटपट्टीखालील त्वचेवर कंडू वा पुरळ उठते काय हेही पाहावे. दाबमापक चादरीवर तेल झिरपू नये म्हणून अभ्यंगाच्या वेळी ती काढून ठेवावी. तिच्यावर जाड गोधडी किंवा चुण्या पडलेले मेणकापड घातल्यास मापन बिघडतेच, शिवाय चुणी हीच दाबाचे नवे कारण होते. स्वेदनापूर्वी सर्व उपकरणे काढावीत, आणि संवेदना नसलेल्या अंगाला स्वेदन देताना दाह होणार नाही याची जबाबदारी वैद्याने स्वतः घ्यावी.

तिसरी गोष्ट रुग्णाच्या शरीराखाली काहीही कठीण वस्तू न ठेवण्याची. हौशी मंडळी सुटे दाबसंवेदक आणून ते थेट त्रिकास्थीखाली सरकवतात. तार, बटण किंवा चकती अंगाखाली आली तर ज्या व्रणासाठी हा खटाटोप, तोच तेथे होऊ शकतो. रबराचे कडे आणि पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवणे हेही आता त्याज्य मानले जाते, कारण त्यांच्या कडेवर दाब एकवटतो.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

शय्याव्रणाच्या प्रतिबंधातील आपल्या दुकानातून सर्वाधिक विकली जाणारी वस्तू म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी. ती देताना ग्राहकाला एक चाचणी अवश्य दाखवावी. रुग्ण गादीवर असताना त्रिकास्थीच्या खाली, हवेची गादी व मूळ गादी यांच्यामध्ये तळहात उपडा न ठेवता उताणा सरकवावा. रुग्णाचे अंग हाताला टेकत असेल तर गादी दबून गेली आहे असे समजावे व हवा वाढवावी. वीज गेल्यावर गादी किती वेळ फुगलेली राहते हे आधी पाहून ठेवावे. वीज वारंवार जाणाऱ्या गावात फोमची गादी अधिक भरवशाची ठरते. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलावयाची गरज नाही, हा समज विक्रीच्या वेळीच दूर करावा.

संवेदक उपकरणे ठेवावयाची झाल्यास ती भाड्याने देण्याचा विचार करावा. पुष्कळ कुटुंबांना ती काही महिनेच लागतात. वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ आणि त्यानंतरच्या २०२० मधील अधिसूचनेमुळे अशी साधने नियमनाच्या कक्षेत आली आहेत. म्हणून उत्पादकाचा पत्ता, नोंदणीचा तपशील व दुरुस्तीची सोय पाहूनच माल घ्यावा आणि पक्के बिल द्यावे. ‘शय्याव्रण होणारच नाही’ अशी हमी असलेले फलक लावू नयेत. तशी हमी कोणतेच उपकरण देऊ शकत नाही.

सल्ला देण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. रुग्णाची जोखीम किती? ब्रेडन मापनश्रेणीत संवेदना, ओलावा, हिंडणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल, आहार आणि घर्षण-कर्षण असे सहा घटक असून एकूण गुण ६ ते २३ असतात. १८ किंवा त्याहून कमी गुण आल्यास रुग्ण जोखमीचा समजतात. पाच मिनिटांत होणारे हे परीक्षण पहिल्याच भेटीत करून लिहून ठेवावे.

२. गादी कशी आहे? गादीवरील खर्च आधी, संवेदकावरील नंतर.

३. सूचना मिळाल्यावर उठणार कोण, आणि त्याला एकट्याने रुग्ण वळवता येतो काय?

४. सूचना किती वेळा वाजेल? अकारण वारंवार वाजणारी घंटी चौथ्या दिवशी बंद केली जाते. रात्रीचे अंतर वैद्याने ठरवून द्यावे.

५. वीज, चार्जिंग आणि इंटरनेट नसताना उपकरण चालते काय? न चालल्यास भिंतीवरील तक्ता व साधा गजर तयार आहे काय?

६. नोंदी कोण पाहणार? आठवड्यातून एकदा वैद्याने त्या पाहिल्या नाहीत तर त्यांचा उपयोग थोडा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर उपकरण सुचवू नये. तो पैसा रात्रपाळीच्या मावशींसाठी खर्च करावा असे स्पष्ट सांगावे. ज्या घरात मनुष्यबळ आहे पण शिस्त लागत नाही, किंवा दिवसा ब्युरोच्या मावशी आणि रात्री घरचे अशी पाळी बदलते व कोणी कधी कूस बदलली याची नोंद राहत नाही, तेथे मात्र संवेदकाचा खर्च सार्थकी लागतो. त्यातही ही नोंद मावशींना धाकात ठेवण्यासाठी वापरू नये; पाळी बदलताना एकमेकींना माहिती देण्यासाठी वापरावी.

काळी खपली, दुर्गंधी, भोवताली पसरणारी सूज, ज्वर किंवा खोल व्रणात अस्थी दिसणे ही लक्षणे असतील तर प्रतिबंधाची वेळ टळलेली आहे. अशा रुग्णास विलंब न करता शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. तेथे आपली रोपणचिकित्सा पूरक म्हणूनच राहील.

संघटनेच्या प्रत्येक शाखेला करता येण्याजोगे एक काम शेवटी सुचवितो. वर्षातून दोनदा, मासिक सभेला जोडून, आपापल्या रुग्णांच्या उपस्थात्यांसाठी दीड तासाचा वर्ग घ्यावा. एक खाट, एक फोमची गादी, एक आडवी चादर आणि चार उशा एवढ्या साहित्यावर कूस बदलणे, टाचा अधांतरी ठेवणे आणि त्वचा पाहणे शिकवता येते. शक्य असल्यास औषधविक्रेत्या सदस्यांनी एक स्थितिदर्शक संवेदक तेथे दाखवावा, म्हणजे लोक तो घेण्यापूर्वी हाताळून पाहतील. वर्गाहून जाताना प्रत्येकाच्या हाती वेळ, कूस, त्वचेची स्थिती आणि वळवणाऱ्याचे नाव अशा चार रकान्यांचा छापील तक्ता द्यावा. संवेदक असो वा नसो, हा तक्ता रुग्णाच्या उशाशी लावलेला असावा, आणि पुढच्या भेटीत नाडी पाहण्याआधी वैद्याने तो वाचावा.